घटक तिसरा : इस्लामचा उदय

आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलांना मोहरम पाठ असतो. पीर कुठे बसतात, सवारी कोणाच्या अंगात येते, खाई कधी पेटते, चोंगे कोणाच्या घरचे चांगले होतात, सगळे ठाऊक. दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक खेड्यांत मुसलमानांचे एखाददुसरेच घर असते, कुठे तेही नसते, पण ताबूत अख्ख्या गावाचा असतो. हुसेन कोण, कोणाचे नातू, कर्बला कुठल्या देशात, असे विचारले की मात्र वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. मी फक्त हिंदू मुलांचे सांगत नाही. मुलाणी, पिंजारी, तांबोळी, बागवान अशा आडनावांची मुलेही त्यात असतात.

मी इतिहास शिकवते. तालुक्याच्या गावी, कला शाखेला, जगाच्या इतिहासाचा पेपर. त्यात तिसरा घटक ‘इस्लामचा उदय’. बाजारातल्या गाइडमध्ये तो दीड पानात उरकलेला असतो : अरबस्तानचे वाळवंट, जन्म ५७०, हिजरत ६२२, मृत्यू ६३२, पाच तत्त्वे, प्रसाराची सहा कारणे. बरेच शिक्षक हा घटक ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देतात. वेळ पुरत नाही, हे सांगायचे कारण. खरे कारण भीती. वर्गातले बोलणे बाहेर कसे जाईल याचा नेम नसतो. ती भीती मलाही होती, आजही थोडी असते. पण आमच्या मुलांच्या डोक्यात इस्लामचा इतिहास १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी सुरू होतो, फार तर १२९६ साली अल्लाउद्दीन देवगिरीवर आला तिथून. त्याआधीची जवळजवळ सातशे वर्षे कोरी. त्या कोऱ्या जागेत मोबाइलवरचे निरोप येऊन बसतात, आणि एकदा बसले की उठत नाहीत.

मी या घटकाची सुरुवात अरबस्तानच्या नकाशाने करत नाही. स्टाफरूममधले कालनिर्णय काढून वर्गात नेते आणि विचारते, दिवाळी नेहमी थंडीच्या तोंडावर येते, मग रमजान ईद कधी मे महिन्यात, कधी मार्चअखेरीला, असे का? उत्तर मुलांच्या घरातच असते. आपले महिनेही चांद्रच. बारा महिन्यांचे ३५४ दिवस होतात. सौर वर्षाशी पडणारा अकरा दिवसांचा खड्डा आपण दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून बुजवतो, जावयाला अनारसे देतो आणि मोकळे होतो. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. इस्लामपूर्व अरबांमध्ये महिने मागेपुढे करण्याची एक रीत होती. कुराणाच्या नवव्या सूरेने ती बंद केली. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कडक उन्हाळ्याचा रोजा आणि पावसाळ्यातला रोजा, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

एका मुलाने हे डोक्यात ठेवले. २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षे आमच्याकडे गणपती आणि मोहरम एकत्र आले होते. २०१९ला महापुराने सगळ्यावर पाणी फिरवले होते आणि २०२०ला करोनामुळे मिरवणुकाच नव्हत्या, पण मंडपात गणपती आणि पंजे शेजारी शेजारी होतेच. कुरुंदवाडसारख्या गावी तर ते मशिदीतच असतात. तो मुलगा घरी जाऊन वडिलांना विचारून आला : पूर्वी असे कधी झाले होते? वडील म्हणाले, मी शाळेत होतो तेव्हा, पंच्याऐंशी-शहाऐंशी साली. त्याने वहीत दोन्हींची वजाबाकी करून मला दाखवली आणि पुढची वेळ २०५१च्या आसपास येईल असे खाली लिहून त्यावर चौकट काढली. इतका इतिहास त्याने आधी कधी स्वतःहून केला नव्हता.

दिशेचा तास असाच एका प्रश्नातून सुरू झाला. एकाने ठासून सांगितले की मुसलमान मावळतीकडे तोंड करतात, म्हणजे आपण उगवत्या सूर्याला अर्घ्य देतो तसे ते मावळत्या सूर्याला पुजतात. कोणी हसले नाही, कारण बऱ्याच जणांना तसेच वाटत होते. मी भूगोल विभागातून पृथ्वीगोल आणला, शिवणाचा दोरा घेतला आणि त्याचे एक टोक मक्केवर अंगठ्याने दाबून धरले. आमच्या भागातून दोरा पश्चिमेकडे गेला. कैरोहून ताणला तर आग्नेयेकडे, डर्बनहून उत्तरेकडे आणि न्यूयॉर्कहून चक्क ईशान्येकडे. हा शेवटचा दोरा मुले दोन-दोनदा ताणून बघतात. सपाट नकाशाची सवय झालेली असते. सूर्य उगवताना, नेमका माथ्यावर असताना आणि बुडताना नमाज पढायची नाही, असा नियम आहे हेही मग सांगते. सुरुवातीला हे तोंड जेरुसलेमकडे असे. मदिनेला गेल्यावर दीडेक वर्षाने, ६२४च्या सुमारास, ते काब्याकडे वळले. काब्यात तेव्हा मूर्ती होत्या. त्या ६३० साली मक्का हाती आल्यावर हटल्या. हे दोन सनावळीतले आकडे शेजारी लिहिले की काही हुशार पोरे आपणहून विचारतात : मग मधली सहा वर्षे मूर्ती असलेल्या देवळाकडे तोंड करून नमाज होत होती? होत होती. काबा इब्राहिमांनी एकाच ईश्वरासाठी बांधला होता ही श्रद्धा त्यामागे आहे. हा प्रश्न मला कधी कुठल्या गाइडमध्ये दिसलेला नाही.

काब्याचीच आणखी एक गोष्ट मी वर्गात करून घेते. पैगंबर पस्तिशीत असतानाची, म्हणजे हिरा गुहेतल्या पहिल्या प्रकटीकरणाच्या पाचेक वर्षे आधीची. काब्याची पडझड झाली होती, कुरैश टोळीच्या कुळांनी मिळून तो पुन्हा बांधला. भिंत त्या उंचीला आल्यावर काळा दगड जागेवर कोणी बसवायचा यावरून कुळाकुळांत तलवारी निघायची वेळ आली. ठरले असे की आता जो पहिला माणूस दारातून आत येईल त्याने निवाडा करावा. आले ते मुहंमद. त्यांनी चादर मागवली, दगड तिच्यावर ठेवला, सगळ्या कुळांच्या प्रमुखांना कडा धरायला लावल्या आणि वर उचलल्यावर स्वतःच्या हाताने दगड बसवला.

वर्गात मी कोणाची तरी शाल घेते, मध्ये खडूचा डबा ठेवते. पैगंबरांचे काम कोणी करायचे नाही, हे आधीच सांगितलेले असते. डबा शेवटी टेबलावर मीच ठेवते आणि ते फक्त टेबल आवरणे असते. कडा धरायला चौघांना बोलावले की पहिले भांडण तिथेच होते : पुढची बाजू कोणाची? गावच्या यात्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून कोर्टकचेरी झालेली पोरे असतात ही. मक्केतल्या कुळांचा मानपान त्यांना समजावून सांगावा लागत नाही. वाळवंट, उंट, खजूर हे सगळे त्यांना परके; चादरीची कड मात्र लगेच हातात येते. खदिजांचेही तसेच. स्वतःचा व्यापार असलेली विधवा बाई, तिने कामाला ठेवलेला भरवशाचा तरुण, आणि लग्नाचा विषय बाईकडून निघालेला, हे ऐकताना मुलींच्या बाकांवर जी चुळबूळ होते तिच्यात माझा अर्धा तास जातो. जाऊ देते.

जकातीच्या तासाला मी गणित घालते. गाइडमध्ये ‘दानधर्म’ एवढेच असते, आणि मुले त्याचा अर्थ भिकाऱ्याला सुटे पैसे असा घेतात. प्रत्यक्षात तो हिशेब आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची शिल्लक, चांद्र वर्षभर जवळ राहिली तर तिच्यावर अडीच टक्के. तोळा जुना, साडेअकरा ग्रॅमच्या वरचा. सराफाच्या घरातली एक मुलगी होती, तिने ते लगेच सांगितले. हिशेब फळ्यावर चालू असताना वसतिगृहातली रत्नागिरीकडची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं अंगावरच्या दागिन्यांची जकात निघत नाही.” इथला एक मुलगा फणकारला, “निघत नाही म्हणजे? आमच्या आईच्या गंठणाची दरवर्षी निघते की.” दोघे हट्टाला पेटले. मधल्या सुट्टीत दोघांनी घरी फोन लावले. परत येऊन तिने सांगितले, “अब्बा म्हणाले, आपण शाफई.” त्याच्या वडिलांनी सांगितले होते, आपण हनफी.

कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई आणि घाटावरचे हनफी, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण बाकीच्या वर्गाला त्या दिवशी जे दिसले ते माझ्या कुठल्याही व्याख्यानातून दिसले नसते. दोन मुसलमान मुले धर्माच्या एका नियमावर भांडत होती, दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि त्या भांडणाला अबू हनिफा आणि शाफई या आठव्या-नवव्या शतकातल्या दोन विद्वानांचा आधार होता. त्याआधी वर्गातल्या मुसलमान मुलांचे हाल मला बघवत नसत. काहीही निघाले की सगळ्या माना त्यांच्याकडे वळत, जणू ती चौदाशे वर्षांची वकिली करायला आली आहेत. आता मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते की या घटकात कोणीही कोणाकडे वळून बघायचे नाही, प्रश्न मला विचारायचे.

त्यांनाही प्रश्न असतातच. फळ्याच्या मधोमध मी उभी रेघ मारते. डावीकडे श्रद्धा काय सांगते, उजवीकडे इतिहासाची साधने काय सांगतात. गॅब्रिएल देवदूताने, म्हणजे जिब्रीलने, हिरा गुहेत वाचायला सांगितले, हे डावीकडे. ६२२ साली मक्केहून यसरिबला, म्हणजे मदिनेला, स्थलांतर झाले, हे उजवीकडे. कुराणाचे ११४ सूरांचे मजकूर फार लवकर लेखी झाले, याला उजवीकडे बळ देणारे पुरावे आहेत : बर्मिंगहॅमच्या विद्यापीठातल्या कुराणाच्या दोन पानांच्या चामड्याची कार्बन चाचणी ५६८ ते ६४५ या काळाकडे बोट दाखवते. हिजरी सनाचा उल्लेख असलेला इजिप्तमधला एक पपायरस सन २२चा, म्हणजे ६४३चा आहे. याउलट पैगंबरांचे सविस्तर चरित्र लिहिणारा इब्न इसहाक वारला ७६७च्या सुमारास, आणि त्याचा ग्रंथही आपल्यापर्यंत मुख्यतः इब्न हिशामच्या संपादनातून आला. सभासद बखर महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांत, १६९७ला पुरी झाली. चिटणिसांची बखर शंभराहून जास्त वर्षांनी आली. दोघींना सारखे वजन देत नाही ना आपण? मग हेच माप तिथे लावायचे. शिवकाळ शिकलेल्या मुलांना ते पटते.

रेघेवर हरकत दोन्हीकडून आली. एक मुलगी तासानंतर थांबली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही ‘मानतात’ म्हणता ते बरं वाटत नाही. ते झालंच आहे.” मी तिला म्हटले, तुझ्यासाठी ते झालेले आहे, म्हणून तर ते फळ्यावर आहे, पुसलेले नाही. तिचे पूर्ण समाधान झाले असे मला वाटत नाही. दुसरी हरकत एका मुलाची, भर वर्गात : “मग आपल्याकडचं शिकवताना पण अशीच रेघ मारणार का?” आतापर्यंत मला विचारलेल्या प्रश्नांत हा सगळ्यात सरळ. त्या वर्षापासून प्राचीन भारताच्या पेपरला, बुद्धाच्या जन्मकथांना, महाभारताच्या काळाला, संतांच्या चमत्कारांना, सगळीकडे तीच रेघ तोच खडू. त्याने काही मुले नाराज झाली, काही खुलली. एका धर्मापुरती वापरली असती तर मात्र ती रेघ ओढायचा मला अधिकार राहिला नसता.

तक्रारीही झाल्या. एका वर्षी एका पालकाने येऊन सांगितले की तुम्ही पोरांना मुसलमान करायला निघालात. त्याच महिन्यात जमातीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी निरोप धाडला की पैगंबरांविषयी उणे बोलले जाते. प्राचार्यांनी घटक वगळायचा सल्ला दिला, प्रेमानेच दिला. मी दोघांनाही तासाला येऊन बसा म्हटले. पालक आले, शेवटच्या बाकावर पूर्ण तास बसले आणि जाताना म्हणाले, “हे परीक्षेला येतं ना नक्की?” गृहस्थ आले नाहीत, पण त्यांनी मला मशीद बघायला बोलावले, मुलींसकट. वजूची जागा, मिंबर, भिंतीवरचा पाच नमाजांच्या वेळा दाखवणारा घड्याळांचा फलक, सगळे त्यांनी स्वतः दाखवले. मिहराबच्या रिकाम्या कमानीसमोर एक मुलगा बराच वेळ उभा होता. मग त्याने हळूच विचारले, “आत काय असतं?” “काहीच नसतं,” ते म्हणाले, “म्हणून तर दिशा कळते.”

अवघड प्रश्न टाळायचे नाहीत हे मी या तक्रारींनंतरच पक्के केले. बनू कुरैझा या ज्यू टोळीच्या पुरुषांची ६२७ सालची कत्तल मुलांनी मोबाइलवर वाचलेली असते. ती नाकारून चालत नाही. ती सांगणारा पहिला चरित्रकार मुसलमानच आहे. खंदकाच्या लढाईतला वेढा, कराराचा भंग झाल्याचा आरोप, निवाडा कोणी दिला, आकड्यांविषयी पुढच्या अभ्यासकांनी घेतलेल्या शंका, हे सगळे सांगते आणि तरी ती कत्तल राहतेच, तेही सांगते. ‘तलवारीच्या जोरावर प्रसार’ या गाइडमधल्या पहिल्या कारणापाशी तर मी दोन तास थांबते. ६४१च्या सुमारास इजिप्त अरबांच्या हाती गेला, पण तिथले बहुसंख्य लोक मुसलमान व्हायला पुढे काही शतके लागली. राज्य तलवारीने पटकन बदलले. माणसे सावकाश बदलली, कोणी जिझिया चुकवण्यासाठी, कोणी दरबारी नोकरीसाठी, कोणी लग्नाने, कोणी मनापासून. आणि आज सर्वाधिक मुसलमान असलेल्या देशांत अग्रभागी असलेल्या इंडोनेशियात अरबांची फौज कधी उतरलीच नाही.

याच ठिकाणी मी आपल्या किनाऱ्यावर येते. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी दहाव्या शतकाच्या आरंभी चौलला आला, तेव्हा तिथे दहाएक हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. राज्य राष्ट्रकूटांचे होते. आणि पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ९२६चा ताम्रपट तर मुलांना दोनदा वाचून दाखवावा लागतो : राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राचा संजाणचा अंमलदार एक ‘ताजिक’, म्हणजे अरब, त्याचे नाव संस्कृतात मधुमती झालेले, आणि त्याच्या अमलात देवीच्या मठाला जमीन दिली जाते. त्याने पार उतरण्यासाठी नावा सुरू केल्या आणि अन्नसत्र घातले, याचीही नोंद आहे. रत्नागिरीच्या मुलीच्या अब्बांचे ‘आपण शाफई’ ज्या समुद्रावरून आले, तो हाच. देवगिरीच्या स्वारीला अजून पावणेचारशे वर्षे बाकी होती.

कर्बलेचा तास मी शेवटी घेते, कारण तो मला शिकवावा लागत नाही. १० मोहरम, हिजरी ६१, सन ६८०. कूफ्याच्या लोकांनी बोलावलेले पैगंबरांचे नातू हुसेन, खलिफा यझीदची फौज, फुरात नदीचे तोडलेले पाणी, परंपरेने सांगितलेले बहात्तर साथीदार, आणि नंतर कैद होऊनही दमिश्कच्या दरबारात बोलणाऱ्या त्यांच्या भगिनी झैनब. पाणी तोडले असे म्हटले की शरबताच्या गाड्या आठवतात, सवारी ओढ्यावर का नेतात ते एकेक जण सांगू लागतो. कर्बल नाचणारे एक पोर होते, त्याने घरचे गाणे वहीत उतरवून आणले. अर्धे दखनी, अर्धे मराठी. त्यातली नावे त्याला तोपर्यंत नुसती नावे होती. सुन्नी मुलांच्या घरांतून कधी कुरकुर येते की आपल्यात हे ताबूत वगैरे नाही, मौलाना नको म्हणतात. तेही वर्गात ठेवते. वादासकटच तो इतिहास आहे.

आता या घटकाच्या तासिका कमी झाल्यात आणि तो एक तरुण सहकारी शिकवते. काय गाळू, असे तिने विचारले तेव्हा मी उमय्यद खलिफांची यादी गाळायला सांगितली. दोरा तिने आपणहून गाळला. मुले मोबाइलमधल्या होकायंत्रावर किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, बघतात. त्यातून एक नवे लफडे निघाले आहे. आमच्या गावाहून मक्केची दिशा नेमकी पश्चिम येत नाही, पश्चिमेपासून साधारण तेरा अंश उत्तरेकडे येते, आणि गावातल्या जुन्या मशिदीची भिंत मात्र जवळजवळ सरळ पश्चिमेला आहे. बांधणाऱ्यांनी अंदाजाने पश्चिम धरली, की त्यांच्याकडे दुसरे काही गणित होते? गझनीहून मक्केची दिशा काढण्यासाठी अल-बिरुनीने अकराव्या शतकात ग्रंथ लिहिला होता, एवढे मी तिला दिले. बाकीच्यासाठी तिची पोरे सध्या तालुक्यातल्या जुन्या मशिदींच्या भिंती मोजत फिरताहेत. परवा एक जण विचारायला आला होता, देवळांच्याही मोजल्या तर चालतील का.